वाढत्या मापाची रॅकेट

देवळाली कॅम्पच्या बाजारात सविताचं शिलाईचं दुकान आहे. शाळेचे गणवेश शिवून घ्यायला लोक मुद्दाम तिच्याकडे येतात, कारण तिनं शिवलेला फ्रॉक दोन-तीन इयत्ता सहज निघतो. मापाचं ती मुळी शिवतच नाही. खांद्यापाशी थोडं सैल, घेराला आत दुमडलेलं भरपूर कापड. "वाढतं अंग आहे ताई, मापाचं घेऊन काय करता?" हे वाक्य तिनं कितीतरी आयांना ऐकवलेलं.

तिची मुलगी निकिता तिसरीत. जवळच्या कोर्टावर यादव सर मुलांना टेनिस शिकवतात. तिथं निकिताचं नाव घातलं, तेव्हा रॅकेट घ्यायला दोघी नाशिकला गेल्या. दुकानदारानं लहान मुलांची रॅकेट पुढं केली. सविताला ती खेळण्यातली वाटली.

"ही तर वर्षभरात तोकडी पडेल. मोठ्यांची दाखवा, दादा."

निकितानं ती मोठी रॅकेट छातीशी धरून बसमधून घरी आणली.

थोड्या दिवसांनी ती म्हणाली, "आई, सर म्हणतात, ही मोठी होते. छोटी आण."

"सरांचं काय जातंय सांगायला!" सवितानं मशीनवरून मानही वर केली नाही. "होईल सवय. बुटांची झाली ना? पुढं कापूस कोंबला, की झालं."

निकितानं पुन्हा विषय काढला नाही.

रविवारी सविता खेळ बघायला गेली. निकितानं रॅकेट मुठीला धरलीच नव्हती. पार वर, जाळीच्या बुडाशी धरली होती, आणि उरलेला दांडा कोपराला ढुशा देत होता. बाकीच्यांचे चेंडू पलीकडं जात होते, हिचे नेटमध्ये.

"अगं, खाली धर! अंगात जीव नाही का?" सविता ओरडली. "रोज दूध टाकतेस, मग असंच होणार!"

शेजारच्या आया हसल्या. निकितानं हात खाली सरकवला. रॅकेटचं तोंड जमिनीकडं झुकलं, ते तिनं दात आवळून वर उचललं.

मग एका दुपारी निकिता डाव्या हातानं वरणभात खाऊ लागली. "अन्नाला डावा हात लावतात का?" म्हणत सवितानं तिचा उजवा हात ओढला, आणि पोरगी कळवळली. मनगट सुजलं होतं.

डॉक्टरांनी पट्टा बांधला, खेळ बंद केला. यादव सर घरी भेटायला आले. जुने फौजी, बोलणं अर्धं हिंदी. "ताई, मैंने बोला था. बेटी म्हणाली, आईला हीच पाहिजे." त्यांनी निकिताला उभं केलं, डावा हात मोकळा सोडायला लावला आणि त्या हातात रॅकेट दिली. टोक जमिनीला टेकलं आणि कोपर दुमडलं. "हात सरळ लटकता रहना चाहिए. बस, एवढंच बघायचं."

सविता त्या दुमडलेल्या कोपराकडं बघत राहिली. हातांची लांबी मोजण्यातच तिचा जन्म गेला होता. कापड जास्त झालं, तर आत दुमडून टाचता येतं. इथलं जास्तीचं सगळं पोरीच्या मनगटानं उचललं होतं. आणि पोरीनं सांगितलं होतं. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

पट्टा निघाल्यावर तिनं मापाची रॅकेट आणली. निकितानं हात पुढं केला नाही.

"मला नाही खेळायचं."

"का गं?"

"मला येतच नाही. माझ्या अंगात जीव नाही."

हे ती रागानं बोलली नाही. आपलं नाव सांगावं, तसं तिनं सांगितलं.

"तुझं नाही, माझं चुकलं," सविता म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. "एकदा चल. नाही आवडलं, तर मी पुन्हा नाव काढणार नाही."

कोर्टावर निकितानं नवी रॅकेटही जाळीच्या बुडाशीच धरली. सरांनी हात खाली आणला, तो पुन्हा वर गेला. चेंडू नेटमध्ये. तिनं सरांकडं नाही, आईकडं पाहिलं. पुढचा चेंडू पलीकडं गेला, तरी तिनं आधी आईकडंच पाहिलं. सविता हसली, मान डोलावली. त्या नजरेतली धास्ती काही हलली नाही.

तशी सविता बाकावरून उठली आणि सामानाच्या खोलीमागं जाऊन उभी राहिली. तिथून कोर्ट दिसत नव्हतं. फटक्यांचे आवाज येत होते. मध्येच यादव सरांचं "शाब्बास, बेटा" ऐकू आलं. कुणाला, ते कळायला मार्ग नव्हता. तिनं वाकून पाहिलं नाही.