मास्तरांचा गुरुवार

टेलर मास्तरांकडे कपडा टाकला की तो गुरुवारी मिळतो, हे गल्लीत प्रत्येकाला माहीत होतं. आणि गुरुवारी तिकडे फिरकायचं नसतं, हेही प्रत्येकाला माहीत होतं. एखादं नवखं गिऱ्हाईक गुरुवारी यायचं. मास्तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, "अरेच्चा, नुसतं काज-बटण राहिलंय बघा." कापड तेव्हा कपाटात जसंच्या तसं घडीत पडलेलं असायचं. दोन खेपा मारल्या की तेही गिऱ्हाईक शहाणं व्हायचं. यात आपण खोटं बोलतो असं मास्तरांच्या मनातही नसे. माणूस आशेने विचारतो, त्याला 'माहीत नाही' म्हणून कसं परत पाठवायचं? एक वार त्याच्या हातावर ठेवला की तो खुशीत घरी जातो.

अशा माणसाने उतारवयात पोर्तुगीज भाषेतले वार शिकायला घ्यावेत, याला काय म्हणावं!

कारण होतं नात. मुलगा नोकरीसाठी सातासमुद्रापार गेला, तिकडचीच बायको केली आणि तिकडचाच झाला. नातीचा पहिला फोटो आला तेव्हा तिचे काळेभोर गोल डोळे बघून मास्तरांनी तिचं नाव 'बटण' ठेवलं. बटण शाळेत जायला लागली तरी पोर्तुगीज सोडून अवाक्षर बोलेना. फोनवर ती हात नाचवत भडाभडा काहीतरी सांगायची. तिचं संपलं की मुलगा मध्ये तोंड घालून म्हणायचा, "मजेत आहे म्हणतेय."

"अख्ख्या ताग्यातून एवढाच रुमाल?" मास्तर बायकोला म्हणायचे. त्यांना ते फार लागायचं. नातीशी एकदा तरी, मुलाला मध्ये न घेता, आपल्या तोंडाने बोलायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

शिकवायला मिळाले शेजारचे बोटवाले. त्यांनी सारी हयात मालवाहू बोटीवर स्वयंपाक केला होता, आणि बोटीवरचे निम्मे खलाशी पोर्तुगीज बोलणारे होते. त्यामुळे त्यांना वार यायचे, वेळ सांगता यायची आणि शिव्या यायच्या.

"शिव्या नातीच्या कामाच्या नाहीत," बोटवाले दुकानातल्या बाकावर बैठक मारत म्हणाले. "तेव्हा वार घेऊ. सेगुंदा-फेइरा. म्हणजे दुसरा. म्हणजे सोमवार."

"दुसरा? मग पहिला कुठला?"

"रविवार."

"बरं. म्हणजे रविवारला ते पहिला म्हणतात."

"छे! त्याला दोमिंगु म्हणतात."

"पहिल्याला पहिला म्हणत नाहीत आणि दुसऱ्यापासून मोजायला लागतात?"

"हो. मंगळवार तिसरा, बुधवार चौथा, गुरुवार पाचवा, शुक्रवार सहावा."

"आणि शनिवार सातवा."

"नाही हो. तो साबादु."

मास्तरांनी गळ्यातली टेप काढून तिच्याकडे बघितलं. अशी मधलेच आकडे असलेली टेप कोणी विकली असती तर त्यांनी दुकानदाराच्या तोंडावर फेकली असती.

घड्याळाने तर डोक्याचा पार भुगा केला. साडेतीनला 'तीन आणि अर्धा' हे त्यांनी पचवलं, पण दीडला 'एक आणि अर्धा' ऐकून ते हताश झाले. "दीड म्हणायला साधा शब्द नाही? अडीच मीटर कापड मागताना या लोकांची दमछाक होत असेल!" वर आणखी तिकडची वेळ वेगळी. इथे आपण दिवे लावतो तेव्हा तिकडे लोक दुपारचे जेवत असतात. तेव्हा 'आज' म्हणजे कोणाचा आज, हे मास्तरांना काही केल्या उमगेना. एकदा बायकोने आज वार कोणता म्हणून विचारलं, तर बोटं मोजून ते म्हणाले, "तिसरा." ती कपाळाला हात लावून आत गेली.

बोटवाल्यांनी आणखी एक शब्द घोटून घेतला. "क्वांदु, म्हणजे कधी. खलाशी दिवसभर हेच विचारायचे. जेवण क्वांदु? आणि मास्तर, एकदा वेळ सांगितली की त्या वेळेला ताट समोर हवं. भुकेल्या माणसाला 'होतंच आलंय' म्हणून चालत नाही."

मास्तर हसले. हा उपदेश त्यांनी या कानाने ऐकला आणि त्या कानाने सोडून दिला. सगळ्या गोंधळात एकच वार त्यांच्या जिभेवर पक्का बसला होता. पाचवा. किंता-फेइरा. तो त्यांचा जन्माचा ओळखीचा होता.

आणि संधी आली. मुलाचा फोन आला. बटणाच्या शाळेत नाटक होतं, त्यात ती मासोळी होणार होती, आणि मासोळीचा फ्रॉक आजोबांनीच शिवायचा असा तिचा हट्ट होता. मुलगा हे सांगत असतानाच तिने फोन हिसकावला.

"वोवो!" म्हणजे आजोबा. "क्वांदु?"

मास्तरांना समजलं! मधल्या कोणाशिवाय, स्पष्ट समजलं. कधी, असं विचारत होती पोर. आयुष्यभर ज्या प्रश्नाला उत्तर दिलं तोच प्रश्न. ते छाती फुगवून म्हणाले, "किंता-फेइरा!"

"किंता-फेइरा?" ती किंचाळलीच.

"किंता-फेइरा!" आणि आता ज्ञान उतू चाललंच होतं, तर मास्तरांनी वेळही घातली. "त्रेश इ मेया!" साडेतीन.

पलीकडे नात नाचत होती आणि इकडे मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. फोन ठेवून ते गल्लीभर सांगत सुटले की नातीशी आपलं बोलणं झालं. फ्रॉकचं कापडही अजून आणलेलं नव्हतं, पण त्याचा या आनंदाशी काय संबंध?

गुरुवारी अंधार पडल्यावर मुलाचा फोन आला.

"बाबा, तुम्ही तिला आज फ्रॉक मिळेल म्हणालात?"

"अरे, तसं म्हणायचं असतं."

"आपल्याकडे. तिला कुठे माहितेय? मला वाटलं शब्द शिकलात, ते म्हणून दाखवताय. शाळेतून आल्यापासून ती दारात बसलीय. साडेतीन वाजून गेले, तरी उठत नाही."

"रडतेय का?"

"नाही. नुसती बसलीय. पार्सलवाला घर चुकला असेल म्हणते."

गल्लीतलं कोणीही असतं तर हसून घरी गेलं असतं. या पोरीने मात्र मास्तरांचा शब्द जसाच्या तसा धरला होता, आणि तो शब्द त्यांनी तिच्याच भाषेत, घोकून घोकून दिला होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निळं कापड आणलं आणि बाकी सगळी कामं बाजूला सारली. कपाटातल्या जुन्या कातरणातून एकेक खवला कापला, एकेक हाताने टाचला. गिऱ्हाइकं डोकावून जात होती, बायको दोनदा वाढलेलं ताट परत घेऊन गेली. फ्रॉक झाला तेव्हा त्यात अख्ख्या गल्लीच्या कपड्यांचे तुकडे चमचमत होते.

पार्सल घेऊन ते स्वतः कुरिअरच्या दुकानात गेले.

"पोचणार कधी? नक्की वार सांगा."

"मंगळवारी पोचेल, काका," काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला. "अगदी निश्चिंत राहा."

असला मंगळवार मास्तर चांगलाच ओळखत होते.

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. बटण समोर आली. मास्तरांनी पार्सलची पावती हलवून दाखवली. तिने विचारलंच, "क्वांदु?"

आता त्यांना सातही वार येत होते, आणि त्यातला एकही तोंडातून निघेना. "मला माहीत नाही" हे पोर्तुगीजमध्ये कसं म्हणतात ते बोटवाल्यांना विचारायचं राहूनच गेलं होतं.

बटण बापाकडे वळून बराच वेळ बोलली. या वेळी मुलाने कात्री न लावता सगळं सांगितलं. "ती म्हणतेय, आजोबांची चूक नाही. त्यांना अजून वार येत नाहीत, म्हणून ते गुरुवार म्हणाले. मी त्यांना शिकवते." मग तो जरा हळू आवाजात म्हणाला, "मीच तिला तसं सांगितलंय, बाबा."

मास्तरांनी मान खाली घातली. तोवर बटण हाताची बोटं पसरून तयार झाली होती.

"सेगुंदा-फेइरा," ती म्हणाली आणि थांबली.

"सेगुंदा-फेइरा," मास्तर म्हणाले.

"तेर्सा-फेइरा."

"तेर्सा-फेइरा."

"क्वार्ता-फेइरा."

तेही त्यांनी म्हटलं.

"किंता-फेइरा."

मास्तरांचा आवाज फुटेना. आजोबांना हाच वार अवघड जातो, हे बटणाला ठाऊकच होतं. ती फोनच्या अगदी जवळ आली आणि न चिडता, सावकाश, तो पुन्हा म्हणून दाखवू लागली.