फळ्याचा डावा कोपरा

कुमुदबाईंना मी प्रथम पाहिलं, तेव्हा त्या भर सभेत निरुत्तर झाल्या होत्या. पनवेलच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी त्या रोजच्या व्यवहारातलं विज्ञान समजावून सांगतात, एवढं ऐकून मी माझं औषधांचं दुकान भावावर सोपवून गेलो होतो. समुद्राचं पाणी रात्री का चमकतं, हा विषय होता. फॉस्फरसमुळे, असं बाईंनी सांगितलं. तेवढ्यात उरणहून मासळी विकायला येणाऱ्या हिराबाई उठल्या.

"बाई, फास्परस हाय, तं पानी निवांत असताना का नाय चमकत? वल्हं मारलं का मंगच कसं चमकतं?"

बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही. पुढच्या शनिवारी सांगते."

सगळा जन्म शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाई असं म्हणतात, याचं मला फार नवल वाटलं. पुढच्या शनिवारी मुद्दाम गेलो. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात 'मागची चूक' असं लिहून खाली फॉस्फरस लिहिलेलं होतं. पाण्यातले अगदी सूक्ष्म जीव ढवळले गेले की उजळतात, हे बाईंनी सांगितलं आणि हिराबाईंचे आभार मानले. तो कोपरा आजही त्याच कामासाठी राखलेला असतो.

नव्या शोधांच्या बाबतीतही त्यांचा शिरस्ता कडक. वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन कोणी उत्साहाने आलं की त्या आधी विचारतात, "तपासलं कोणी? कितीदा?" कात्रणवाल्याचा चेहरा पडतो. मग त्याच त्याला शेजारी बसवून सगळं पुन्हा वाचून घेतात. माझा चेहरा असा चारदा पडला आहे. पुढे त्यांनीच मला बोलायला उभं केलं.

आता जे लिहितो आहे, ते बाईंच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मागितलेलं नाही.

अन्न का नासतं, यावर मी एकदा बोललो. विचुंब्याच्या फरीदाभाभींनी विचारलं, वीज जाऊन मटण पार वितळलं, तर पुन्हा गोठवून चालेल का? "खुशाल गोठवा, थंडीने जंतू मरतात," मी ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी वाचताना कळलं, बहुतेक जंतू मरत नाहीत. गोठल्यावर त्यांची वाढ फक्त थांबते, आणि बर्फ वितळला की पुन्हा सुरू होते. तासन्‌तास वितळून पडलेलं मटण टाकूनच द्यायला हवं.

शनिवारी बाईंनी खडू पुढे धरला. "मागच्या वेळची कोणाची चूक?" समोर माझी निम्मी गिऱ्हाइकं बसली होती. औषधं विकणाऱ्यालाच जंतू कळत नाहीत, असं गावभर झालं असतं. मी मान खाली घातली. बाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि विषय सुरू केला. फरीदाभाभींच्या घरी कोणी आजारी पडलं असेल का, हे विचारायचीसुद्धा माझी छाती झाली नाही. इतकी वर्षं ती भीती मनात होती.

या ग्रंथासाठी आठवणी गोळा करत मी गेल्या महिन्यात फरीदाभाभींकडे गेलो, आणि चाचरत तो विषय काढला. भाभी हसल्या.

"अहो भाऊ, बाई तर दुसऱ्याच दिवशी घरी आल्या होत्या. म्हणाल्या, आमच्याकडून तुम्हाला गलत सांगितलं गेलं, तसलं मटण फेकून द्या. चहा पिऊन गेल्या. तुमचं नावसुद्धा नाही काढलं."

म्हणजे शनिवारी खडू पुढे धरला, तेव्हा बाईंना सगळं ठाऊक होतं. चूक त्यांनी निस्तरली होती. कबुली तेवढी माझ्यासाठी ठेवली होती. मला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, आणि बाईंविषयी काय वाटलं ते नीट लिहिता येत नाही.

बाई, पंचाहत्तरीनिमित्त सगळे तुम्हाला शाल देतील. मी येत्या शनिवारी डावा कोपरा मागतो आहे. तुमची तब्येत खणखणीत राहो, शंभरी पार करूनही तुम्ही त्या फळ्यापाशी उभ्या असा. आणि खडू पुढे धराल, तेव्हा या वेळी वाट पाहावी लागणार नाही.