मनोगताचं पान

मंडळी, झाला एकदाचा! माझा संशोधन प्रकल्प आज जमा झाला.

प्रकरणं, तक्ते, संदर्भसूची सगळं कधीच तयार होतं. अडलं होतं शेवटचं मनोगत. 'या प्रकल्पामुळे माझ्या ज्ञानात मोलाची भर पडली' वगैरे मी झोकात लिहिलं होतं. सकाळी सरांनी ते पान परत माझ्याकडे सरकवलं. “हाई कोनी बी लिखी सकस. तुन्हं काय शे यामा?”

आज शेवटची तारीख होती. आणि खरंच, त्या पानात माझं स्वतःचं असं काहीच नव्हतं. मग कॉलेजच्या पायरीवर बसून, जे लिहायची लाज वाटत होती तेच लिहून काढलं.

माझा विषय सातपुड्यातल्या गावांची दिवाळी. मी खाली सपाटीवरच्या ब्राह्मणपुरी गावचा. कॅलेंडर बघून ऐन लक्ष्मीपूजनाला प्रश्नावली घेऊन डोंगरात पोचलो, तर गावात एक पणती नाही! सगळे शेतात. ज्यांची मुलाखत घ्यायची होती त्या मावशी हसल्या. “आमची दिवाळी अजून ठरली नाय. ठरली का सांगू, ये.”

तिकडे पीक घरात आलं की प्रत्येक गाव आपापली तारीख धरतं. महिन्याभराने निरोप आला, तसा गेलो. ढोल वाजत होते, आजूबाजूच्या गावांचे लोक जेवायला आले होते. मी विचारलं, “सगळी गावं एकच दिवस का धरत नाहीत?”

मावशी म्हणाल्या, “मग पाहुणा कोण येईल?”

सरांनी हे वाचलं आणि सही केली. हुश्श!

आता तुम्ही सांगा, ऐन दिवाळीच्या दिवशी तुमच्या घरी शेवटचा पाहुणा कधी आला होता?