गच्चीवरची ढगफुटी

आमच्या वसाहतीत आजवरचा सर्वांत मोठा पाऊस मी पाडलेला आहे.

हे मी सांगितलं नाही तरी गुलमंडीपासून सिल्लोडपर्यंत कुणीही सांगेल, आणि ते लोक तिखटमीठ लावून सांगतात. त्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं!

आधी आमच्या सासूबाईंची ओळख करून देते, कारण त्यांच्याशिवाय या पावसाला अर्थ नाही. सासूबाई भूगोलाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त झाल्यावर बाकीच्या बाया चारधामला जातात, आमच्या सासूबाई गच्चीवर गेल्या. तिथं त्यांनी स्वतःच्या हातानं पर्जन्यमापक बसवला. (कमरेइतक्या ओट्यावर घट्ट बसवलेलं एक उभं भांडं, वर नरसाळं आणि आत साठलेलं पाणी मोजायला काचेचं मापपात्र. बस्स! पण या घरात देवघरानंतर मान त्याचाच.) तेव्हापासून रोज सकाळी साडेआठला त्या गच्चीवर असतात. ताप असो, पाहुणे असोत, दारात दूधवाला ओरडत असो! माझ्या लग्नात सकाळचा मुहूर्त होता. अक्षता हातात घेऊन सगळे वरमाईला शोधत होते आणि वरमाई रिक्षा करून घरी पाऊस मोजायला गेलेल्या होत्या. डिसेंबर महिना होता. पाऊस अर्थातच शून्य.

"शून्य पण मोजावा लागतो गं," असं त्यांनी मला मंगळसूत्र नीट करता करता सांगितलं. सुनेला सासूनं केलेला तो पहिला उपदेश.

मला या बाईचं खरोखर कौतुक आहे, तोंडदेखलं नाही. गॅस बंद केला की नाही हे मला घराबाहेर पडताच आठवत नाही. आणि या बाईंना कोणत्या वर्षी थंडी पडलीच नाही, कोणत्या वर्षी होळीला स्वेटर घातला आणि कोणत्या वर्षी ऐन वैशाखात गारांनी कूलरची जाळी फुटली, ते सगळं तोंडपाठ!

त्यांना जोड मिळाली ती शकूरभाईंची. शकूरभाईंचं गुलमंडीत कापडाचं दुकान आहे. आता गल्ल्यावर मुलं बसतात आणि शकूरभाई दुकानाच्या गच्चीवर. त्यांनीही सासूबाईंचं बघून तिथं तसाच मापक बसवलाय. दर रविवारी संध्याकाळी ते आमच्या गच्चीवर चहाला येतात आणि चहा थंड होईपर्यंत भांडतात.

"भाभी, पहले बी ऐसाच होता था. लोगां भूल जाते," हे शकूरभाईंचं ठरलेलं वाक्य. "मेरे अब्बा बोलते थे, एक साल दिवाली में रजाई नक्को बोलके हाथ का पंखा निकाले थे सब. तब कौन सा हवामान बदल था?"

"आठवण नका सांगू शकूरभाई, माप सांगा," सासूबाई म्हणायच्या. "पूर्वी पाऊस कसा दमादमानं यायचा. आता पंधरा पंधरा दिवस पत्ता नाय, आन् आला की एका दुपारीत महिन्याचं उरकून जातो. हे मी मोजलंय."

"मोजलंय! घर की गच्ची, घर का डब्बा, घर की बाई! कौन भरोसा करे?"

हे ते दर रविवारी हसत हसत म्हणायचे. पण त्या एका रविवारी सासूबाईंना ते लागलं. त्यांनी कप बशीत ठेवला.

"शकूरभाई, माझा एक आकडा चुकीचा दाखवा. एकच! त्या दिवशी मी हा मापक काढून ठेवते आन् पुन्हा पावसाचं नाव घेत नाय."

शकूरभाईंनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण सासूबाई हसल्या नाहीत. एकदा बोलल्या की बोलल्या! त्यांनी मोजणं सोडलं तर त्या दिवसभर करणार काय? (उत्तर उघड होतं. माझ्या स्वयंपाकात लक्ष घालणार!)

आणि त्याच आठवड्यात सिल्लोडला त्यांच्या भाच्याचं लग्न निघालं. जाणं भाग होतं. जाताना त्यांनी मला गच्चीवर नेलं, मापपात्र माझ्या हातात दिलं आणि डोळ्यांत बघून म्हणाल्या, "वैशाली, जपशील ना?"

"आई, मी एम.कॉम. आहे," मी म्हणाले.

सासूबाईंची बस सुटली आणि दुपारी नळाला पाणी आलं!

आता बाहेरगावच्या वाचकांना यात उद्गारचिन्ह देण्यासारखं काय आहे ते कळायचं नाही. आमच्या शहरात नळाचं पाणी रोज येत नाही. ते मनात येईल तेव्हा, कधी आठवड्यानं, कधी त्याहूनही उशिरानं, जावयासारखं येतं. आलं की हातातलं काम टाकून धावायचं आणि घरात जे जे पोकळ आहे ते भरायचं, हा आमचा कुलाचार. मी टाकी भरली. ड्रम भरले. बादल्या, कढया, कुकर, थर्मास, नवऱ्याचा डबा, लग्नात आलेली फुलदाणी, सगळं भरलं. मग पाइप घेऊन गच्चीवर गेले. कूलर भरला, झारी भरली, चिमण्यांची वाटी भरली. त्या वेळी माझं डोकं चालत नव्हतं, फक्त हात चालत होता. रिकामं दिसलं की पाइप तिकडं वळत होता.

संध्याकाळी आभाळ भरून आलं. वावटळ सुटली, वीज कडाडली, लाईट गेली. धूळ नको म्हणून आम्ही खिडक्या गच्च लावून आत बसलो. पत्र्यावर काहीतरी वाजलं एवढं नक्की.

सकाळी साडेआठला मी गच्चीवर गेले आणि किंचाळले. मापक काठोकाठ! मी मापपात्रानं मोजत गेले, मोजत गेले, बोटं दुखेपर्यंत मोजत गेले. जो आकडा आला तो मी इथं लिहीत नाही, अजून लाज वाटते. एवढंच सांगते, तेवढा पाऊस खरोखर पडला असता तर गुलमंडीत दुकानांच्या नुसत्या पाट्या वर दिसल्या असत्या!

तो आकडा मी सासूबाईंच्या हवामानवेड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पुढं तीन उद्गारचिन्हं टाकली.

"अगं, पण पार्किंगमधली धूळसुद्धा बसलेली नाही," माझा नवरा प्रशांत खालून ओरडला.

"वाळलं असेल!"

"सकाळी साडेआठला?"

"ढगफुटी अशीच असते! एका ठिकाणी पडते, शेजारी थेंब नाही!" मी त्याला सुनावलं. (हे मी कुठंतरी वाचलं होतं. अर्धवट.)

ग्रुपवर धुमाकूळ झाला. चितेगावच्या एका सभासदानं लिहिलं, आमच्याकडं नुसती धूळ उडाली. शकूरभाईंनी लिहिलं, गुलमंडीत मापकाचा तळ ओला झाला, बस्स. मग थोड्या वेळानं त्यांनीच लिहिलं, "ऐसा पानी मेरे अब्बा ने बी नहीं देखा होगा. भाभी जीत गए. मौसम बदल गया, मैं मान गया." मला तर रडूच आलं. सासूबाईंची इतक्या वर्षांची लढाई मी एका सकाळीत जिंकून दिली होती!

सासूबाईंचा फोन आला तेव्हा मागं सनई वाजत होती.

"व्हय गं? खरंच एवढा? नीट मोजला ना?"

"तीनदा मोजला, आई!"

"निघालेच मी!" आणि त्या सिल्लोडच्या लग्नाच्या पंगतीतून, जिलबी ताटात टाकून उठल्या आणि मिळेल त्या गाडीत बसल्या.

इकडं गच्चीवर जत्रा भरली. शकूरभाई आले, ग्रुपातले चारपाच जण आले, शेजारपाजारचे आले. एकानं मोबाइल माझ्या तोंडासमोर धरून विचारलं, "ढगफुटी होत असताना तुम्हाला काय वाटलं?" मी पदर सावरून म्हणाले, "निसर्गापुढं माणूस किती लहान आहे, असं वाटलं." तो व्हिडिओ अजून फिरतो.

सासूबाई आल्या त्या जरीच्या साडीतच थेट गच्चीवर. गर्दीनं वाट करून दिली.

"मोजलेलं पाणी कुठंय?"

मोजून झालं की पाणी ओतून द्यायचं, असा नियम आहे. पण आमच्या गावात पाणी ओतून द्यायला हात धजावतो का कुणाचा? मी ते कळशीत भरून, वर ताट झाकून ठेवलं होतं. अभिमानानं ताट काढलं. सासूबाईंनी कळशीशी नाक नेलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मला हाताला धरून टाकीच्या आडोशाला नेलं.

"वैशाली, काल नळ आला होता का गं?"

"हो! आणि आई, मी एकही भांडं रिकामं ठेवलं नाही!" मी म्हणाले. आणि म्हणता म्हणता माझ्याच डोक्यात उजेड पडला. पावसाला ब्लीचिंग पावडरचा वास येत नाही!

पलीकडं शकूरभाई लोकांना ढगफुटी समजावून सांगत होते. मी सासूबाईंचे हात धरले. "आई, कुणाला कळणार नाही. शकूरभाईंनी मानलंय. तुम्ही जिंकलाय!"

"मला कळलं ना," त्या म्हणाल्या.

त्या लोकांसमोर गेल्या आणि वर्गात बोलायच्या तशा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "आकडा चुकीचा आहे. ते पावसाचं पाणी नाय, नळाचं आहे. मापक माझा, म्हणून चूक माझी." मग कुणी काही बोलायच्या आत पदर खोचला आणि मापक ओट्यावरून काढायला लागल्या. एकदा बोलल्या की बोलल्या! माझं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही. तिथं माझ्या डोळ्यांतून जे आलं ते मोजलं असतं तर मागचा आकडा मोडला असता!

शकूरभाईंनी पुढं होऊन मापकावर दोन्ही हात ठेवले.

"हात नक्को लगाओ भाभी."

"शब्द दिलाय मी, शकूरभाई."

"तुमने बोला था, मैं ग़लती दिखाया तो निकालेंगे. मैं कहाँ दिखाया? मैं तो पागल सरीका मान के बैठा था! ग़लती तुमने ख़ुद पकड़ी." त्यांनी मापक ओट्यावर आणखी घट्ट दाबला. "जो जीती हुई बाज़ी ऐसी छोड़ दे, उसके बाक़ी के सब आकडे सच्चे. आज से माना मैं. सब के सब."

सासूबाईंनी हात मागं घेतले. डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "वैशाली, चहा टाक."

इतकं सगळं झालं, पण जमलेल्या शेजाऱ्यांचं कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं. ढगफुटी खोटी निघाली याचं कुणाला काही नव्हतं. एकच गलका सुरू होता. "थांबा थांबा, नळ काल आला? आमच्या गल्लीत तर थेंब नाही! कितीला? गच्चीपर्यंत चढला? तुमच्याकडं एवढा फोर्स कसा काय?" खरा विक्रम कुठला, हे लोकांनी बरोबर ओळखलं होतं.

परवा सासूबाई पुन्हा सिल्लोडला गेल्या, नव्या सुनेचं कौतुक करायला. जाताना दागिन्यांच्या कपाटाची किल्ली त्यांनी डोळे झाकून माझ्याकडं दिली. गच्चीची किल्ली शकूरभाईंकडं! आता नळाला पाणी आलं की मी त्यांना फोन करते. ते दुकान सोडून गुलमंडीहून येतात, कुलूप उघडतात, मापकावर आधी कुकरचं झाकण ठेवतात आणि मग म्हणतात, "आओ बेटी, अब पाइप लाओ. धीरे से."