दर्शनाच्या हाती पाना देणाऱ्या मॅडम

माझ्या मुलीचं इंजिनिअरिंग मी बंद करायला निघालो होतो.

ज्यांनी ते होऊ दिलं नाही, त्या सिल्विया मॅडमना आज त्यांच्या गावी, आरोंद्याला, माती देऊन आलो.

मी आचऱ्याचा. सातवी शिकलेला, जन्म होडीवर गेला. लिहिताना चुकलो तर सांभाळून घ्या.

दर्शना माझी धाकटी. तिला मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली आणि माझ्या जिवाला घोर लागला. वर्गात सगळे मुलगे, मुली चारच.

दुसऱ्याच महिन्यात फोन आला.

"बाबा, माका घराक न्हेवा. प्रॅक्टिकलाक मुलगे इंजिन खोलतत. माका सांगतत, तुझा अक्षर बरा, तू वही लिव."

इंग्लिशमध्ये बोलता येत नाही म्हणून ती गप्प बसायची. सगळ्यांना वाटायचं, हिला काही येत नाही.

मी नाव काढायचा अर्ज लिहून घेतला आणि एसटी पकडली.

तिला शिकवणाऱ्या सिल्विया मॅडम कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये होत्या. मी देवळात काढतो तशा चपला दाराबाहेर काढल्या.

"काका, आधी चपला घाला. हंय लोखंडाचो कीस पडता."

आमच्या भाषेत बोलणाऱ्या प्रोफेसर मी पहिल्यांदाच बघितल्या.

त्यांनी अर्ज वाचला, घडी घालून परत दिला. मग डिझेल इंजिनाकडे बोट दाखवलं. सगळा वर्ग बघत होता.

"समुद्रात इंजिन बंद पडला तर पयला काय बघतास?"

मी म्हटलं, "डिझेलच्या नळयेत हवा गेली काय, ता."

"आता फुडला दर्शना सांगतली. मालवणीत सांग गो. इंग्लिश मगे बघू."

दर्शनाने पाना घेतला. नट सैल केला, हवा काढली, परत आवळला. एकेक गोष्ट सांगत.

एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हिला येतं तर बोलली का नाही?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

मीही विचारलं, "तुका कोणी शिकवल्यान?"

"तुमका खोलताना बघलंय. मी होडी धुताना."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "काका, ह्या मुलग्यांका मी ओरडतलंय. पण तुमी तरी तिका कधी इंजिनाक हात लावूक दिलास?"

नव्हता दिला. आमच्या घरात बाई होडी धुते, इंजिनाला हात लावत नाही. बापाने चालवलं, तेच मी चालवलं.

अर्ज मी तिथेच फाडला.

त्या दिवसापासून मॅडमचा नियम झाला. या आठवड्यात जो वही लिहील, पुढच्या आठवड्यात पाना त्याच्या हातात. तोंडी परीक्षेची तयारी आधी आपल्या भाषेत, मग इंग्लिशमध्ये.

वर्कशॉपजवळ मुलींसाठी बाथरूम नव्हतं. मॅडम वर्षभर ऑफिसच्या मागे लागल्या. शेवटी बांधून झालं.

दर्शना आज जहाजांची इंजिनं दुरुस्त करते. माझ्या होडीचंही तीच बघते. मी बाजूला उभा राहून तिच्या चुका शोधतो. सापडत नाहीत.

आज चर्चमध्ये शवपेटी उचलायची वेळ आली. नातेवाईक पुरुष पुढे येत होते. तेवढ्यात दर्शना आणि तिच्या वर्गातल्या तिघी पुढे झाल्या.

लोक बघायला लागले. मला एकच धास्ती, कोण अडवेल, कोण काय बोलेल.

दर्शनाने माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "जा गो."

मॅडम, तुमच्या चार मुलींनी तुम्हाला खांदा दिला. वाटेत पेटी जराही कलू दिली नाही.

आता सुखाने विसावा घ्या.