मामांचा सत्कार

लग्नाच्या पंगती उठल्या की पन्नाशीची चार माणसं खुर्च्या गोल ओढून बसतात आणि विषय हमखास तिथंच येतो: पूर्वीच्या पुढाऱ्यांची भाषणं काय व्हायची, आणि आताची ही काय कळा! कुणी टीव्हीला दोष देतं, कुणी म्हणतं वाचन संपलं, कुणी इंग्रजी शाळांवर ढकलतं. मी पान चघळत सगळ्यांचं ऐकून घेतो. मग घसा साफ करून सांगतो की बाबांनो, हा खून माझ्या डोळ्यांदेखत झालाय. कोल्हापुरातलं वक्तृत्व एका शालीखाली गुदमरून मेलं, आणि ती शाल अजून आमच्या मामींच्या कपाटात आहे.

माझ्या मामांचं राजारामपुरीत कापडाचं दुकान होतं, मागं घर. धोतरं, लुगडी, शाळेचे गणवेश. दुकानात मामा एवढे मवाळ, की गिऱ्हाइकानं दहा ठाणं उलगडून काही न घेता पाठ फिरवली तरी तोंडातून ब्र निघायचा नाही. पण नव्वदच्या दशकातली निवडणूक आली आणि मैदानावर कर्णे लागले, की मामा दुकानाचं शटर लवकर ओढत, इस्त्रीचा सदरा चढवत आणि व्यासपीठाच्या उजव्या अंगाला, अगदी पुढं, सतरंजीवर मांडी ठोकत. पक्षाशी देणंघेणं नव्हतं. ते सगळ्यांच्या सभांना जात आणि सगळ्यांना सारखाच त्रास देत.

त्रास म्हणजे, मधेच बोलत. आमच्याकडं सभा ऐकायची रीतच तशी होती. वक्ता बोलायचा आणि मैदान उलट बोलायचं. एकदा एका आमदारानं छाती फुगवून सांगितलं, की गगनबावड्याचा रस्ता आम्ही आरशासारखा केला. मामा बसल्या जागेवरून, आवाज फारसा न चढवता म्हणाले, "व्हय की. खड्ड्यातल्या पाण्यात तोंड दिसतंय."

मैदान हसलं. आणि मग सगळ्या माना व्यासपीठाकडं वळल्या, कारण खरा खेळ आता सुरू व्हायचा. हसू विरायच्या आत वरून उत्तर आलं तर तो वक्ता, नाहीतर नुसता उमेदवार. लोक त्यासाठीच यायचे. पुढारी मुंबईत काय शिकत मला ठाऊक नाही, बोलायला मात्र ते आमच्या मामांसारख्यांच्या तोंडी लागून शिकत.

असाच एक तरुण पुढारी पहिल्यांदा आला तो भाषण पाठ करून. मामांनी त्याला ऐन रंगात आल्यावर अडवलं. "पावणं, हे तुमचं तुम्हाला तरी पटतंय न्हवं?" बिचारा थांबला, पाणी प्याला, पुढचं वाक्य शोधलं, सापडलं नाही, म्हणून पुन्हा 'बंधू आणि भगिनींनो'पासून सुरुवात केली. आम्ही पोटं धरून हसलो. घरी मामा मामींना म्हणाले, "घाबरलं, पण पळालं न्हाई. हुईल कायतरी त्याचं."

झालं की. पुढच्या निवडणुकीत तोच माणूस माइकसमोर आला, उजवीकडं वाकून बघितलं आणि म्हणाला, "मामा, आलाय न्हवं? मग करतो सुरू." मामांचे कान आनंदानं लाल झालेले मी बघितलेत. त्या दिवशी तो काय बोलला! मामा अडवत होते, तो सुटत होता, आणि प्रत्येक सुटकेनंतर आणखी मोकळा होत होता. शेवटी म्हणाला, शिरोलीतली एकही फौंड्री मी बंद पडू देणार नाही. मामांचा एकुलता एक मुलगा नुकताच तिथल्या एका फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामाला, लागला होता.

मामांनी विचारलं, "आणि पडली तर?"

त्यानं माइक बाजूला सारला, व्यासपीठाच्या कडेला आला आणि उघड्या आवाजात म्हणाला, "तर ह्याच मैदानात, तुमच्यासमोर उभा राहून जबाब देईन, मामा. तुम्ही फक्त विचारायला या."

मैदान उभं राहिलं. तो निवडून आला, आणि त्यात मामांचा वाटा होता असं मामा सोडून सगळे म्हणत.

नवं शतक उजाडून काही वर्षं झाली आणि फौंड्री बंद पडली. मामांचा मुलगा घरी आला. दुकानात दोघांना पुरेल एवढं काम नव्हतं. लोक तयार कपड्यांकडं वळले होते. तो रॅकवरची ठाणं काढायचा, घड्या मोडायचा आणि पुन्हा घालायचा. एकदा बापाला म्हणाला, "इचारणार न्हवं?"

"त्यानंच बोलावलंय," मामा म्हणाले. "न जाऊन कसं चालंल?"

आमचा माणूस तोवर मंत्री झाला होता. अखेर त्याची सभा लागली, त्याच मैदानात. मामांनी सदऱ्याला इस्त्री केली. मीही सोबत गेलो, आणि खरं सांगतो, नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला निघाल्यासारखा खुशीत होतो.

मैदान ओळखू येईना. सतरंज्या गेल्या होत्या, खुर्च्या आल्या होत्या. व्यासपीठापुढं बांबूचं कुंपण आणि पोलीस. टेंपोंतून आणलेल्या बायका गळ्यात पक्षाचे पट्टे घालून उन्हात बसलेल्या. दाराशीच बिल्लेवाल्या कार्यकर्त्यानं मामांना हेरलं. "मामा, तुमचीच वाट बघत होतो. तुमची जागा खाली न्हाई, वर."

मामा म्हणाले, मला खालनंच बरं ऐकू येतं. पण दोघांनी दोन दंड धरले आणि आदरानं, अगदी आदरानं, त्यांना वर नेऊन बसवलं. निवेदकानं पुकारलं: या मैदानाचे ज्येष्ठ श्रोते, यांचा मंत्रिमहोदयांच्या हस्ते सत्कार. फेटा, शाल, नारळ, फोटो. टाळ्या.

ज्याची शाल खांद्यावर, त्याला भर सभेत आडवं बोलायचं नाही, हे मामांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आयोजकांना ते पक्कं माहीत होतं. मैदानातला एकच आवाज त्यांनी उचलून पाहुणा केला आणि मांडीवर नारळ ठेवून मागच्या रांगेत बसवला.

मग मंत्र्यानं खिशातून कागद काढला आणि वाचला. शिरोलीत उद्योगांची नवी पहाट, असं काहीतरी आलं तेव्हा जुन्या सवयीनं त्याची नजर कागदावरून उठून उजवीकडं गेली. तिथं कुंपण होतं आणि एक हवालदार जांभई देत होता. मंत्री क्षणभर थांबला. कुणीच काही बोललं नाही. त्याच्या चेहऱ्यावर हळहळ दिसली असं सांगायला मला फार आवडलं असतं. दिसली ती सुटका. मग त्यानं कागद संपवला.

तो उतरायला निघाला तसे मामा पुढं झाले. मी पायऱ्यांशी होतो, मला ऐकू आलं.

"साहेब, फौंड्री बंद पडली. पोरगं घरात बसलंय. मी इचारायला आलोय."

मंत्र्यानं मामांकडं बघितलं. त्याला सगळं आठवत होतं, शब्दन्‌शब्द. मग तो वाकला आणि मामांच्या पाया पडला. कॅमेरे चमकले. खुर्च्यांवरच्या बायकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मामांचा हात आशीर्वादाला आपोआप उठला, आणि तो खाली येईपर्यंत मंत्री गाडीत होता.

परत आलो तेव्हा मुलगा दुकानाच्या पायरीवर उभा होता. बापाच्या डोक्यावरचा फेटा त्यानं बघितला, शाल बघितली.

"इचारलंसा?"

"इचारलं."

"काय म्हणाला?"

मामांनी नारळ गल्ल्यावर ठेवला. "पाया पडला," म्हणाले. मग फेटा उतरवत, "आता पाया पडलेल्या माणसाला आणि काय इचारायचं, तूच सांग."

मुलगा आत गेला, रॅकवरून एक ठाण काढलं, घडी मोडली आणि पुन्हा घालायला बसला.