आत्याचा प्लेअर आणि तिकडची वीज

माझी आत्या एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करायची. दिवसभर चादरींच्या वाफेत उभी, आणि संध्याकाळी घरी आली की नाचायची. एकटीच, स्वयंपाकघरात, हातात पळी असली तरी.

बोटीवर नोकरीला असलेल्या धाकट्या काकाने तिला परदेशातून रेकॉर्ड प्लेअर आणला आणि बजावलं, "थेट प्लगला लावू नकोस. हा एकशे दहा व्होल्टचा आहे, आपल्याकडे दुप्पट येतात. धूर निघेल." आत्याने हे इतकं मनावर घेतलं, की व्होल्ट निम्मे करणारा ट्रान्सफॉर्मर मिळेपर्यंत प्लेअर कपाटात कुलूप लावून ठेवला.

ट्रान्सफॉर्मर दिसायला विटेएवढा, पण तो उचलताना बाबांची कंबर धरली. सगळं घर जमलं. आत्याने बटण दाबलं. धूर काही निघाला नाही, पण रेकॉर्डवरची बाई घोगऱ्या आवाजात रेंगाळत गायला लागली.

"हिला सर्दी झालीय," बाबा म्हणाले.

इलेक्ट्रिशियनने मीटर लावून पाहिलं. "व्होल्टेज बरोबर आहे. पण तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे घेते, आपली पन्नास. ही मोटर त्या हेलकाव्यांवर चालते, म्हणून हळू फिरते. ते ट्रान्सफॉर्मरच्या हातात नाही."

"मग कुणाच्या हातात आहे?" आत्याने विचारलं.

"लेथवाल्याच्या. मोटरवरची पुली जरा मोठी करून घ्या."

मागच्या गल्लीतला लेथवाला अबोल माणूस. त्याने पितळेची पुली करून दिली, ती जास्तच जाड झाली. गाणं असं धावत सुटलं, की नाचताना आत्याला धाप लागली. मग तो स्वतःच येऊ लागला. ऐकायचा, पुली काढून न्यायचा, किंचित घासून परत आणायचा. अखेर बाईचा आवाज बाईचा झाला. आत्या नाचायला उठली, तो दारातच फडक्याला हात पुसत उभा राहिला.

"या की," आत्या म्हणाली.

"मला येत नाही."

"मला तरी कुठे येतं?"

पुढे दर रविवारी तो पुलीवरचा बेल्ट तपासायला यायचा. बेल्टला काही झालेलं नसायचं. बाबा मुद्दाम विचारायचे, "आज काय बिघडलं?" तो गंभीरपणे म्हणायचा, "बघावं लागेल."

वर्षभरात दोघांनी लग्न केलं. आतोबांना नाच शेवटपर्यंत नीट जमला नाही. आत्याचे पाय तुडवले जायचे, ती हसून जागा बदलायची आणि पुढची रेकॉर्ड लावायची.